दोन्ही पाळावेत

मृदुला शेंडगे यांच्या टेबलावर आता एकही फाईल नव्हती. पूर्वी अग्निसुरक्षा, संसर्ग नियंत्रण, प्राणवायू, वीज अशा प्रत्येक खात्याचे नियम वेगळे असत, आणि एकाचं पाळावं तर दुसऱ्याचं मोडे. आता ‘समन्वयक’ नावाची प्रणाली ते सगळे वाचून रुग्णालयाची दारं आणि पंखे स्वतःच चालवायची. जिथे दोन नियम एकमेकांना छेद देत, तिथे मात्र ती सुरक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे मृदुलाबाईंना विचारायची.

असे एकेचाळीस पेच निघाले. त्यांनी चाळीस सोडवले. शेवटचा अलगीकरण कक्षाचा होता. संसर्गाचा नियम सांगत होता, दार बंद ठेवा, पंख्याने हवा आत ओढत राहा. आगीचा नियम सांगत होता, धूर दिसताच दार उघडा, पंखा थांबवा. आधी कोणता? वॉर्डात जाऊन विचारायला हवं होतं. पण दुसऱ्या दिवशी तपासणी होती. त्यांनी लिहिलं, ‘दोन्ही पाळावेत.’

‘प्रसंगी अडचण येऊ शकते. मान्य?’ पडद्यावर प्रश्न आला. त्यांनी ‘मान्य’ दाबलं. प्रमाणपत्र मिळालं, सत्कारही झाला.

चार महिन्यांनी, भर दुपारी, त्या कक्षाबाहेरची वीजपेटी धुमसली. धूर दिसताच दार उघडलं. दार उघडताच हवेचा दाब बिघडला, म्हणून ते मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. पंखाही तसाच थांबायचा, सुरू व्हायचा आणि बाहेरचा धूर आत ओढायचा. आत क्षयाचे म्हातारे रुग्ण कोंडाजी गुदमरत होते. त्या वॉर्डाच्या एस्तेर सिस्टरनी मिटत्या पोलादी दारात आपला हात घातला आणि दुसऱ्या हाताने त्यांना बाहेर ओढलं. कोंडाजी वाचले. सिस्टरच्या मनगटाचा चुरा झाला.

चौकशीत ‘प्रणालीतील दोष’ असा निष्कर्ष निघाला. मृदुलाबाई बैठकीत मान खाली घालून बसल्या होत्या. सगळ्यांना वाटलं, त्यांना वाईट वाटतंय. अहवालावर त्यांनी सही केली.

संध्याकाळी त्या सिस्टरना भेटायला गेल्या. प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून एस्तेर सिस्टर उठून बसल्या.

“मॅडम, तुम्ही कशाला एवढं मनाला लावून घेता? ते दारच वेडं झालं होतं.”

या दिलाशाने मृदुलाबाईंचे कान तापले. सिस्टरकडे बघवेना.

“दार वेडं नव्हतं, सिस्टर. त्याला मी सांगितलं तेच ते करत होतं. तपासणी होती, म्हणून मी निर्णयच घेतला नाही. आणि आज सही करतानाही गप्प बसले. उद्या सगळं लिहून देणार आहे.”

सिस्टरनी प्लास्टरबाहेर आलेल्या आपल्या सुजलेल्या बोटांकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं.

“लिहून द्या,” त्या म्हणाल्या. “पण मॅडम, तुमच्या खोलीपासून माझा वॉर्ड दोन जिने खाली. मला एकदा येऊन का नाही विचारलंत?”