खिडकीपाशी बसलेली

त्या दिवशी मी बाहेर पडले होते ती फक्त दोन बल्ब आणायला. बाहेरच्या खोलीतला गेला होता आणि जिन्यातला जायच्या बेतात होता. ह्यांना काय, दिवा असला काय नि नसला काय. पण घरात अंधार बसला की मला चैन पडत नाही. आताही बघा, तुम्ही आलात आणि मी आधी दिवा जवळ ओढून घेतला. बसा, सांगते.

आमचे हे घड्याळजी. आयुष्यभर बारीक चाकं आणि केसाएवढे काटे बघण्यात गेलं, आणि काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून ह्यांचे डोळे म्हणजे मी. ताटातलं वाढणंसुद्धा मी घड्याळाप्रमाणे सांगायची, भाजी तीनवर, मीठ बारावर. रस्त्यानं जाताना सगळं दाखवत जायची, आणि नुसतं कोरडं नाही. "घरमालक येतायत समोरून. पोट आलंय, मालक मागून येतील." हे रस्त्यातच हसत सुटायचे. शेजारीपाजारी म्हणायचे, तुमच्यावाचून ह्यांचं पान हलत नाही. मी आपली "छे हो" म्हणायची, पण ते ऐकायला मला फार आवडायचं. लपवून काय करू?

मग माझ्या नणंदेनं तो चष्मा आणला. ती इस्पितळात कामाला, तिला असल्या नव्या गोष्टी आधी कळतात. जाड काळी चौकट, नाकाच्या वर इवलासा कॅमेरा आणि काडीत बोलणारी बाई. समोर जे असेल ते ती बाई कानात सांगायची. "समोर पायरी. सांभाळून." "डावीकडे दार उघडं."

पहिल्याच सकाळी ह्यांनी वर्तमानपत्र डोळ्यांसमोर धरलं आणि पहिल्या पानापासून ऐकलं. ऐकता ऐकता रडले. मीही रडले, खोटं नाही सांगत. दुसऱ्या आठवड्यात हे एकटे न्हाव्याकडे जाऊन आले. जुन्या दुकानात बसायला लागले. घड्याळं दुरुस्त होईनात, पण गिऱ्हाइकानं घड्याळ पुढे धरलं की कुठलं, केव्हाचं हे सांगायचे. पाठीचा बाकच गेला ह्यांच्या.

"वहिनी, सुटलीस बाई तू आता," नणंद म्हणाली.

मला कुठे सुटायचं होतं? माझ्या पोटात दुखायला लागलं होतं. औषधानं जातं तसलं दुखणं नव्हे. मी मनातल्या मनात त्या काडीतल्या बाईचं नावही ठेवलं होतं, सवत.

सुरुवातीला सवत कोरडी होती. खुर्ची, टेबल, दार, संपलं. पण एकदा जेवताना हे एकदम हसले. मी विचारलं तर म्हणाले, "ती म्हणतेय, घरमालक जिना चढतायत, पोट पोचलंय."

माझा घास हातातच राहिला. नणंदेला विचारलं तर ती म्हणाली, "अगं, ते शिकतं. घरात जे बोलणं कानावर पडतं, ते उचलतं. चांगलंच आहे की, दादाला परकं वाटत नाही." म्हणजे माझी वर्षावर्षांची बडबड तिनं आयती उचलली होती. अंगाचा तिळपापड झाला माझ्या. मी मुद्दाम बोलणंच कमी केलं. त्यानं काय झालं, तर घरात बोलणारी तेवढी तीच उरली.

तर, बल्बांचा दिवस. दुपार कलली होती, आभाळ भरलेलं. जिना चढत होते तेव्हाच ह्यांचं हसणं ऐकू आलं. दार लोटलं तर हे पलंगावर, तोंड खिडकीकडे.

"मग पुढे काय झालं?" हे विचारत होते.

"कशाचं काय झालं?" मी म्हटलं. "मी आत्ता येतेय बाजारातून."

ह्यांची मान माझ्याकडे वळली. मग परत खिडकीकडे. "मग... खिडकीपाशी कोण बसलंय?"

खिडकीपाशी आमची वेताची खुर्ची. रिकामी.

"कोणी नाही."

"चष्मा म्हणाला, बायको खिडकीपाशी बसली आहे. हसते आहे." ह्यांनी नाक वर करून वास घेतला. "तुझ्या साबणाचा वासही आला."

यंत्र आहे, चुकलं असेल, असं मी म्हटलं आणि बल्ब बदलला. पण त्या खोलीत साबणाचा वास होता. माझाच. आणि मी तर घामानं निथळत आले होते.

त्यानंतर रोजचंच झालं. मी स्वयंपाकघरात असले की ती खिडकीपाशी. हे तिच्याशी बोलायचे, हळू आवाजात, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी माझ्याशी बोलायचे तसे. मी आत भांडी घासत ऐकायची. भीती वाटत होती का? वाटत होती. पण भीतीपेक्षा जळफळाट जास्त. बाहेरची कोणी असती तर झिंज्या धरून काढली असती. ही माझंच नाव लावून बसली होती. आणि ती कधी दमत नव्हती, कधी खेकसत नव्हती.

एका दुपारी ठरवलं, आज जागा सोडायची नाही. जेवणं झाल्याबरोबर मी जाऊन त्या खुर्चीत बसले. हे आले, पलंगावर टेकले, चष्मा माझ्याकडे वळवला. खोली इतकी शांत की काडीतला बारीक आवाज मलाही ऐकू आला.

"खुर्ची रिकामी. बायको स्वयंपाकघरात आहे."

मी श्वास रोखून बसले. अगदी माझ्यासमोर बसून हे आतल्या दाराकडे तोंड करून म्हणाले, "झालं का गं काम?"

आत पातेल्यावर झाकण पडल्याचा आवाज आला. हलकाच. मी ठेवते तसा.

मी उठून आत गेले. कोणी नव्हतं. झाकण मात्र गरम होतं, आणि शेगडी तर मी कधीच बंद केली होती.

त्याच संध्याकाळी चष्मा टेबलावर ठेवून हे पलंगावर बसले होते. मी तो उचलला आणि दारात उभी राहून घातला. डोळे मिटले, ह्यांच्यासारखे. कानात आवाज आला. माझा होता तो... फक्त न दमलेला.

"पलंगावर हे बसलेत. शेजारी बायको. तिनं ह्यांचा हात धरलाय."

डोळे उघडले. पलंगावर हे एकटेच होते. पण ह्यांची बोटं अर्धवट मिटलेली होती, मधे काहीतरी धरल्यासारखी. मी तोंड फिरवलं ते नेमकं कपाटाच्या आरशासमोर.

"समोर एक बाई," माझ्याच आवाजानं सांगितलं. "ओळखीची नाही. सांभाळून."

मग मी विचार केला नाही. चष्मा ओढून काढला, आत जाऊन ओट्यावर ठेवला आणि वरवंटा घातला. एकदा नाही, पीठ होईपर्यंत.

हे भिंत चाचपत दारापर्यंत आले. खूप दिवसांनी भिंत चाचपत होते. खाली वाकून ह्यांनी पायाला लागलेला एक तुकडा उचलला, बोटांत फिरवला.

"माझे डोळे दुसऱ्यांदा गेले," एवढंच म्हणाले.

मला लाज वाटली. आणि त्या लाजेच्या खाली, अगदी खरं सांगते, आनंद झाला. आता न्हाव्याकडे मीच नेणार होते. वर्तमानपत्र मीच वाचणार होते. मी ह्यांना दंड धरून पलंगाशी आणलं, उजव्या हाताला बसले आणि बाहेरचं सांगायला लागले. ढग कसे आलेत, समोरच्या गच्चीवर धोब्याची बायको चादरींशी कशी झुंजतेय, चादरच जिंकणार असं दिसतंय. पूर्वीसारखंच, मीठमसाला लावून.

हे ऐकत होते. हळूहळू चेहरा निवळला. मग हसले. माझा जीव भांड्यात पडला.

"दोघी एकदम नका बोलू गं," हे म्हणाले. "एकेकीनं सांगा."

आणि सरकून ह्यांनी जागा करून दिली. डावीकडे.