एकदाच टक्!

गरम चहा शर्टावर सांडला, तरी तो ओरडला नाही. खाली वाकला, जमिनीवरचा कप उचलला, त्याच्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "झाकण का नाही लावलंस?"

मी हातात रिकामा ट्रे घेऊन उभी. बाबांच्या कागदी कपांच्या कारखान्याच्या दारातून मी बाहेर पडत होते आणि तो आत शिरत होता, खांद्यावर स्वतःपेक्षा मोठं पोतं घेऊन. चूक कोणाची, ते अजून ठरायचंय.

"आमच्याकडे कप बनतात," मी म्हटलं. "झाकणं नाही बनत."

"म्हणून तर मी आलोय."

आणि हसला. डाव्या गालावर खळी… अगं आई गं!

"भाजलं का रे?"

"थोडंसं. पण कप छान आहे."

आमच्या कपांचं कौतुक करणारा हा पहिलाच मुलगा. मला तर त्याच क्षणी काहीतरी झालं. ते चहामुळे नव्हतं, कारण चहा त्याच्या अंगावर होता.

तो झाकणवाल्या काकूंचा मुलगा, पलीकडच्या गल्लीतला. इयत्ता माझीच, शाळा दुसरी. मी त्याचं नाव ठेवलं झाकण्या. त्यानं माझं ठेवलं कपराणी. फिट्टंफाट.

बाबा रोज जेवताना मोबाईलवर वाचून दाखवायचे, की जगभर कपांना आणि झाकणांना मागणी वाढतेय. कॉफी, सूप, सरबत, जे मिळेल ते हातात घेऊन लोक चालत सुटलेत. "अख्खं जग चालता चालता पितंय," बाबा म्हणायचे, "आणि आपली मशीन तेवढी बसून आहे."

"मोठे कारखाने जेवतात," आई म्हणायची, "आपल्या वाट्याला त्यांचा ढेकर."

आणि अशात, झाकण्या पोतं घेऊन आला त्याच्या थोडं आधी, एका परदेशी खरेदीदार बाईंचा फोन आला होता. त्यांच्याकडे आता प्लास्टिकची झाकणं कोणाला नको होती. कागदी कपावर कागदी झाकण हवं होतं, घट्ट बसणारं. कप बाबांचे, झाकणं काकूंची, असं ठरलं. बाई स्वतः नमुने बघायला येणार होत्या. जमलं तर मशीन राहणार. नाही जमलं, तर ती विकून आम्ही काकांच्या गावाला जाणार.

काकांचं गाव! मी, जी वर्गात शेवटच्या बाकावर तोंड लपवून बसायचे, ती आत्ता कुठे पहिल्या बाकावर आले होते. हात वर करायला शिकले होते. आणि झाकण्या? त्याला कुठल्या खोक्यात भरून नेणार होते मी?

शाळा सुटली की तो नवी झाकणं घेऊन यायचा. आम्ही कपात गरम चहा ओतायचो, दोन्ही अंगठ्यांनी झाकण गोल दाबत न्यायचो. नीट बसलं की आवाज यायचा. टक्! मग कप उलटा.

"कशावर उलटा करू?" मी विचारलं.

"माझ्या डोक्यावर कर."

"वेडा आहेस का? सांडलं तर?"

"एकदा सांडलंयस. आता सवय झालीय."

मी धरला कप त्याच्या डोक्यावर. तो डोळे मिटून उभा… पापण्या जराशा थरथरत होत्या. एक थेंबसुद्धा पडला नाही. माझं काळीज मात्र सांडायचंच बाकी होतं.

"उद्या येणार ना?" मी विचारलं.

"येणार."

"नक्की?"

"नक्की."

"म्हणजे अगदी नक्की ना?"

"कपराणी, झाकणं माझ्या आईची आहेत. न येऊन कुठे जाऊ?"

म्हणजे झाकणांसाठी येतो? की… झालं! रोज हेच. रोज विचारायचं, रोज तो येणार म्हणायचा, आणि रोज मला वाटायचं, आजचं 'येणार' कालच्यापेक्षा जरा ढिलं होतं.

बाई येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी सगळ्यात सुबक कप निवडून खोक्यात ठेवले. काकूंनी झाकणं निवडून घरी नेली. बाबा हातपाय धुवायला गेले आणि मी खोक्याजवळ एकटीच उरले. नीट बसेल ना? कपाटातलं जुनं झाकण घेतलं. टक्. बसलं. पण आपलं नशीब म्हणून बसलं असेल तर? काढलं. परत टक्. दुसरा कप. टक्. बरं वाटायचं, आणि लगेच परत वाटेनासं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. सपाट चपला, बारीक केस, बोलणं कमी. आमची भाषा तुकडे जोडून जोडून बोलत होत्या. त्यांनी खोक्यातला कप घेतला, काकूंच्या डबीतलं झाकण घेतलं. गरम कॉफी ओतली. अंगठ्यांनी दाबलं.

टक् झालंच नाही.

बाईंनी तरीही कप उलटा केला. झाकण फट्कन निसटलं आणि कॉफी टेबलभर पसरली.

बाबांचे कान लालबुंद. काकू झाकणाकडे अशा बघत होत्या, जणू पोटच्या पोरानं नाक कापलं. बाई शांतपणे रुमालानं हात पुसत होत्या… आणि पर्सकडे बघत होत्या! माझ्या डोळ्यांसमोर काकांच्या गावाची बस उभी राहिली.

मी तो कप उचलला. काठावरची गुंडाळी चपटी झाली होती. अंगठ्यांच्या खुणा. माझ्याच!

"थांबा!" मी ओरडले. वर्गात हात वर करायचे तसा हातही वर गेला. "कप चांगला आहे. मी… मी काल त्याला झाकण लावून बघितलं. खूप वेळा. सगळ्यांनाच."

"आणि मी झाकणं," मागून आवाज आला. झाकण्या! मान खाली, खळी गायब. "घरी. जुन्या कपावर. लावत होतो, काढत होतो."

"अरे गाढवा!" काकू म्हणाल्या.

"तू पण?" मी त्याला विचारलं.

"झोपच येत नव्हती. हे फसलं तर तू जाशील ना."

हे सगळ्यांसमोर म्हणाला तो! बाबांनी एकदम छताकडे बघितलं.

बाईंना पुरतं कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मशीनशेजारच्या चळतीतून त्यांनी स्वतः एक कप काढला, पोत्यातून झाकण घेतलं. कॉफी. अंगठे.

टक्!

कप त्यांनी माझ्या हातात दिला. "तू उलट कर."

"कशावर?"

झाकण्या पुढे आला आणि डोकं वाकवून उभा राहिला. मी कप उलटा केला… थेंब नाही पडला.

"लोक एकदाच लावतात," बाई म्हणाल्या. "तुम्ही शंभरदा. बिचारा कागद." मग बाबांकडे वळल्या. "आधी थोडे पाठवा. मग बघू."

थोडे! पण त्या थोड्यासाठीही मशीन लागणार होती. बाबांनी तिच्या पत्र्यावर हात ठेवला, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

संध्याकाळी झाकण्या फाटकापर्यंत आला. माझ्या हातात चहाचा कप होता, झाकण लावलेला.

"उद्या…" मी सुरू केलं.

"विचार ना."

"नाही विचारणार."

"का?"

"काठ चपटा होतो."

तो हसला. खळी परत आली! "मी झाकणांसाठी येत नव्हतो," तो हळूच म्हणाला. "आई ती सायकलवाल्याबरोबर पाठवणार होती. मीच पोतं मागून घेतलं. चहा सांडला त्या दिवसापासून."

म्हणजे आवडते मी? खरंच? नक्की? प्रश्न सगळे ओठांवर आले होते. मी झाकण काढलं, चहाच्या मोठ्या घोटाबरोबर ते गिळून टाकले आणि झाकण परत लावलं. पण अंगठा मेला ऐकेना, काठावर जाऊन झाकण दाबायला लागला. परत. परत.

त्यानं तो बघितला. कपावरून उचलला, आणि आपल्या मुठीत धरून ठेवला.