पाचवा टॉवेल

"आपण... कोणाची वाट पाहताय का?"

प्रश्न इतक्या हळू आला, की तो पुस्तकातल्याच कोणीतरी विचारला असं तिला वाटलं. तिने मान वर केली. काउंटरमागे एक उंच, शिडशिडीत तरुण उभा होता. शर्टाच्या खिशापाशी शाईचा डाग, पाठीमागे भिंतीवर किल्ल्या टांगलेला लाकडी फळा, आणि फळ्याच्या वर ठळक अक्षरांत लिहिलेलं : 'एका खोलीत जास्तीत जास्त चार व्यक्ती.'

या प्रश्नाचं उत्तर बाबांनी तिला शिकवलंच नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "काकांची."

तिला सख्खा, चुलत, मानलेला असा एकही काका नव्हता.

"अच्छा... येतील," तो म्हणाला, आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लालबुंद झाल्या. खोटं बोलली ती, आणि लाजला मात्र तो!

या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली, की ते तीन मजली हॉटेल, समोरची ती वाळू आणि खारट वाऱ्याने कुरकुरणारी लॉबीतली वेताची खुर्ची यांतलं काय उरलं असेल कोण जाणे. पण कपाटात टॉवेलांच्या घड्या ठेवताना अजूनही तिचा हात पाचव्यापाशी क्षणभर थांबतो. का थांबतो, तेच सांगायचं आहे.

तिचे बाबा शिंपी होते. गळ्यातली टेप ते आंघोळीपुरती आणि झोपेपुरतीच काढत. जगातली प्रत्येक अडचण ही मुळात कापड कमी पडण्याची अडचण असते आणि नीट बेतलं तर सगळं बसतं, असं त्यांचं ठाम मत होतं. वर्षातून एकदा चार दिवस समुद्रावर जायचं, हाही त्यांचाच बेत. त्यासाठी एक तागा आणायचा आणि त्यातून सगळ्यांचे नवे कपडे शिवायचे. त्या पहिल्या वर्षी तागा निळ्या चौकटींचा होता.

घरात माणसं पाच. बाबा, आई, दादा, मधली ती, आणि धाकटी टिकली. आणि जगातली सगळी हॉटेलं, कोण जाणे का, चार माणसांच्या हिशेबाने बांधलेली! त्या दिवशी बॅगा सांभाळत त्यांनी सात हॉटेलं पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर : चौघांची खोली आहे, पाच असाल तर दोन खोल्या घ्या. दोन खोल्या घेतल्या असत्या तर चार दिवसांचे दोनच झाले असते. एका ठिकाणच्या बाईंनी टिकलीकडे बघून मायेने विचारलं, "ही तर लहान आहे ना अजून?" काम झालंच होतं. तेवढ्यात टिकलीने छाती पुढे काढून सांगितलं, "मी सहा पूर्ण आहे!"

आठव्या हॉटेलाच्या अलीकडे बाबा एका बाकावर बसले आणि त्यांनी माणसं बेतली.

"आपण चौघं पुढे जायचं. एकाने मागून यायचं, अर्धा तास लॉबीत बसायचं आणि गपचूप जिन्याने वर यायचं."

"कोणी?" आईने विचारलं.

"दादा गप्प बसणार नाही. टिकलीला एकटं सोडता येत नाही. हिचं बरं आहे, हातात पुस्तक दिलं की सामानासारखी बसते."

सगळे हसले. तीही हसली. पण 'सामानासारखी' हा शब्द सुईसारखा कुठेतरी टोचून राहिला. पाचांतून एक कमी करायचा म्हटलं, की बोट तिच्याकडेच वळणार, हे तिला कधीचं माहीत होतं.

अर्ध्या तासाने ती वर गेली तेव्हा बाबा टेप लावून जमीन मोजत होते. दोन पलंग जोडले, कपाट आणि खिडकी यांच्यामधे सव्वादोन फुटांची पट्टी निघाली, तिथे तिची गादी. "बघा, बसलं की नाही?" बाबा खूश. आणि न्हाणीघरातून आईचा आवाज आला, "अहो, हॉटेल चांगलं दिसतंय हं! टॉवेल पाच ठेवलेत. एक जास्तीचा."

पेलेही पाच होते. चांगलं हॉटेल!

दुसऱ्या वर्षी बाबांनी आधीच पत्र घातलं : आम्ही चौघे येत आहोत. पुन्हा चौघं पुढे, पुन्हा ती मागून, पुन्हा तीच वेताची खुर्ची. फरक एवढाच, की या वेळी तिने आरशासमोर जरा जास्त वेळ घालवला होता... आणि कशासाठी, ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"काका आले का हो मागच्या वर्षी?" काउंटरवरून आवाज आला.

ती दचकली. मग सावरून म्हणाली, "येता येता राहिले. गुडघा धरला त्यांचा."

"अरेरे. आणि या वर्षी?"

"या वर्षी निघालेत म्हणे. पण त्यांची चाल फार हळू."

"छत्री आहे ना बरोबर? ऊन फार आहे."

"छत्री आहे. काळी, लाकडी मुठीची. पण ते ती सगळीकडे विसरतात."

"मग आधी छत्री येईल, मागून काका," तो गंभीरपणे म्हणाला. आणि तिला इतकं हसू फुटलं, की पुस्तक तोंडावर धरावं लागलं.

चार दिवसांत काका चांगलेच वाढले. त्यांना गोड आवडू लागलं, मांजरांची भीती वाटू लागली, तरुणपणी त्यांनी एका मुलीला पत्र लिहून ते खिशातच ठेवल्याचंही निष्पन्न झालं. "का बरं दिलं नसेल त्यांनी?" तिने विचारलं होतं. किल्ल्यांच्या फळ्याकडे तोंड करून, नीटच असलेल्या किल्ल्या पुन्हा नीट लावत तो म्हणाला होता, "भित्रे असतील... काही माणसं असतात."

लॉबीत एक पुस्तकांचं कपाट होतं, पाहुण्यांनी विसरलेल्या पुस्तकांचं. त्यातलं एक तिने निघायच्या दिवसापर्यंत अर्धं वाचलं आणि खूण म्हणून त्या वर्षीच्या कापडाची, बदामी रेघांची एक चिंधी पानात ठेवली. ते कपाटात परत ठेवताना तिने मागे वळून पाहिलं. तो पाहतच होता. मग दोघांनीही घाईघाईने दुसरीकडे पाहिलं.

वर्ष कसं गेलं, ते तिलाच माहीत.

तिसऱ्या वर्षी दादाला लांबच्या शहरात नोकरी लागली, रजा मिळाली नाही. हिरव्या चौकटींच्या ताग्यातून दादापुरतं कापड उरलं. बाबांनी ते कापलं नाही. गुंडाळून, का कोण जाणे, बॅगेत तळाशी ठेवलं.

माणसं आता खरोखरच चार होती. कोणी मागे थांबायचं कारण नव्हतं. ती पहिल्यांदाच सगळ्यांबरोबर, त्या 'चार व्यक्ती'च्या पाटीसमोर, काउंटरपाशी उभी राहिली.

"आम्ही चौघं!" बाबा जोरात म्हणाले. दोन वर्षं शांतपणे खोटं बोलणाऱ्या माणसाला खरं बोलणं काही जमेना. "चारच आहोत. मोजून घ्या हवं तर!"

त्याने मोजलं नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि पुन्हा तिच्याकडे. मग किल्ली दिली. बोलायला ना त्याला निमित्त होतं, ना तिला. जिना चढताना तिला वाटलं, चौघांत जागा मिळाली खरी, पण ती खुर्ची गेली...

खोलीत आई म्हणाली, "अहो, टॉवेल पाचच आहेत. दादा नाही आणि टॉवेल आहे." तिने तो पाचवा टॉवेल उगीचच हाताने सारखा केला. "पद्धतच असेल यांची."

तेवढ्यात बाहेर शेजारच्या खोलीतल्या बाईंचा आवाज चढला. "हे काय हो? माणसं आम्ही चार आणि टॉवेलही मोजून चारच! मागितल्याशिवाय एक जास्तीचा मिळत नाही तुमच्याकडे!"

ती दारात तशीच उभी राहिली. म्हणजे पद्धत नव्हती. मग मागच्या वर्षीचा पाचवा? त्याच्या आधीचा?

"आई, हा परत देऊन येते," ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता टॉवेल उचलून खाली गेली.

लॉबीत दुसरं कोणी नव्हतं. तो काउंटरवर वाकून काहीतरी लिहीत होता. तिने घडी केलेला टॉवेल त्याच्यासमोर ठेवला.

"एक जास्त आहे."

त्याने टॉवेलकडे पाहिलं. कान लाल. "मला वाटलं... पाचवं माणूस मागून येईल. दर वर्षीसारखं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. पाच मिनिटांत." तो अडखळला. "आधी निळ्या चौकटींचे कपडे घातलेली चार माणसं आत आली. एकाच कापडाचे. मग त्याच निळ्या चौकटींचा फ्रॉक घातलेली एक मुलगी आली आणि म्हणाली, मी यांच्यातली नाही, मी काकांची वाट बघतेय..."

तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. दोन वर्षं! एकाच ताग्यातली पाच माणसं, आणि त्यांना वाटत होतं, कोणाला कळणार नाही!

"सांगितलं का नाहीत? मालकांना कळलं असतं तर?"

"कळलं एकदा. भरपूर बोलणी खाल्ली." तो हसला. "पण ज्या खोलीत पाच माणसं आहेत, तिथे चार टॉवेल कसे ठेवणार? पाचवीने काय करायचं?"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. साधा टॉवेल. पण या पाचवीला जमेत धरणारं माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होतं.

त्याने काउंटरखालून एक पुस्तक काढलं. अर्ध्यावर बदामी रेघांची चिंधी तशीच होती. "कपाटात ठेवलं असतं तर कोणी खूण काढून टाकली असती. म्हणून... आता घेऊन जा. पुढच्या वर्षी मी इथे नसेन. मालकांचं डोंगरावर दुसरं हॉटेल आहे. या महिन्याअखेर तिकडे जायचंय."

बाहेर लाट फुटल्याचा आवाज आला. ती पुस्तक उराशी धरून उभी राहिली. आता वर जायचं, चार दिवस राहायचं आणि घरी परतायचं. सगळं जागच्या जागी बसत होतं. तिला ते नको होतं.

"मग काका आले तर?" तिने विचारलं. "मी इथे वाट पाहत होते, हे त्यांना कोण सांगणार?"

"काकांना मी निरोप देईन." त्याने समोरच्या टॉवेलची कड सारखी केली. "पण... वाट काकांचीच पाहायची, असं आहे का?"

"नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हतं."

त्याने खिशातून, शाईच्या डागापाशी, एक घडी घातलेला कागद काढला. घडीच्या कडा झिजून मऊ झाल्या होत्या. "मागच्या वर्षीचं आहे. काकांसारखंच... खिशातच राहिलं."

तिने हात पुढे करून तो घेतला. आणि नेमका तेव्हाच जिन्यावर कोणीतरी खाकरलं.

बाबा. गळ्यात टेप, चेहरा उतरलेला. त्यांनी किती ऐकलं होतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं.

"म्हणजे तुम्हाला... पहिल्यापासून..." ते कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. "मी काही तसा माणूस नाही हो. मुलांना समुद्र दाखवायचा होता."

तिला वाटलं, जमीन दुभंगावी. कागद तिच्या मुठीत चुरगळला.

"साहेब," तो म्हणाला. आवाज बारीक झाला होता, पण त्याने बोलायचं थांबवलं नाही. "तुमच्या कपड्यांकडे मी तीन वर्षं बघतोय. बाजूच्या शिवणीत चौकटीला चौकट जुळते. खिशावरसुद्धा. खिसा आहे हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही."

बाबांनी मान वर केली. "खिशावरची दिसली तुम्हाला?"

"हो."

"आयुष्य गेलं जुळवण्यात," बाबा हळूच म्हणाले. "आजवर एकाही गिऱ्हाइकाने बघितलं नाही."

मग ते तिच्याकडे वळले. तिच्या मुठीतला कागद, छातीशी धरलेलं पुस्तक, ओल्या पापण्या, सगळं त्यांनी एका नजरेत मापलं. "आणि तुला मी सामानासारखी बसवत होतो," ते म्हणाले. "चूक झाली पोरी. बेतायला चुकलो."

"नाही हो बाबा," ती म्हणाली. "तिथे बसवलंत म्हणून तर..."

बाबांनी मोठा सुस्कारा सोडला. गळ्यातली टेप काढली आणि काउंटरच्या पलीकडे गेले.

"वळा."

"काय?"

"पाठ करा माझ्याकडे. सरळ उभे राहा, वाकू नका." त्यांनी टेप त्याच्या एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत धरली, मग मानेपासून खाली सोडली. त्याचे कान आता किल्ल्यांच्या फळ्यावरच्या पितळी बिल्ल्यांसारखे चमकत होते. ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"दादाच्या शर्टाचं कापड बॅगेत आहे," बाबा पुटपुटले. "तुमची उंची त्याच्यापेक्षा चार बोटं जास्त." त्यांनी टेप पुन्हा एकदा लावून बघितली, डोळे बारीक केले, आणि मान डोलावली.

"बसेल. नीट बेतलं तर बसेल."