बिबडी कुणाचं ऐकते?

"खांब!" तो ओरडला आणि कुत्री जागच्या जागी थांबली.

त्यानं तिला गोंजारलं, मागे नेलं, पुन्हा सोडलं. "खांब!" कुत्री पुन्हा थांबली आणि 'आता काय चुकलं बाबा' अशा नजरेनं त्याच्याकडे बघायला लागली.

मी शाळेतून घरी निघाले होते, हातात चाचणीच्या पेपरांचा गठ्ठा. सिल्वासात नवरात्र नुकतंच संपलं होतं. गरब्याच्या मांडवाचे बांबू मैदानाच्या कडेला पडले होते आणि त्यातलेच काही मागून घेऊन या माणसानं ओळीत रोवले होते. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसू नये, असं आई मला लहानपणापासून सांगत आली आहे. उपयोग झालेला नाही.

"अहो, तिला तुम्ही थांब म्हणताय," मी म्हटलं.

"नाही मॅडम, मी खांब म्हणू राहिलो. खांबाखांबातून जा, असं."

"ते तुम्हाला माहीत. तिला कसं कळणार? ख आणि थ तिला कुठल्या शाळेत शिकवले?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मग कुत्रीकडे. मग असा मोकळा हसला, की मला उगाचच पदर सावरावासा वाटला... आणि मी तर पंजाबी ड्रेसमध्ये होते.

"मग काय म्हणू?"

"नागीण म्हणा. तशी वळत वळतच जायचंय ना?"

"नागीण," तो हळूच म्हणाला आणि स्वतःच त्या बांबूंमधून धावून दाखवू लागला. उजवीकडून, डावीकडून, कंबरेतून वळत. बांबूला बोटाचा स्पर्श नाही. शाळेत खो-खो खेळायचा म्हणे, खांब हा शब्दही तिथलाच. मी पेपर छातीशी धरून उभी राहिले. घरी उशीर झाला, हे घरी गेल्यावर कळलं.

त्याचं नाव वाल्मिक. खानदेशातला, पारोळ्याकडचा. नरोलीला खोली घेऊन राहायचा आणि धाग्याच्या कंपनीत कामाला होता. ही कुत्री त्याला कंपनीच्या कँटीनमागं सापडली होती, मुठीएवढी. नाव बिबडी.

"बिबडी म्हणजे?"

"आमच्याकडचे ज्वारीचे पापड. तिचे कान बघा ना."

बघितले. खरंच, वाळत घातल्यासारखे होते.

नाशिकजवळ दिवाळीनंतर कुत्र्यांच्या चपळाईचं शिबिर होतं. उड्या, बोगदा, खांब, सगळं वेळेत पार करायचं. त्यातून पुढच्या स्पर्धेसाठी कुत्री निवडणार होते. वाल्मिकनं मोबाइलवर बिबडीचा व्हिडिओ काढून पाठवला आणि तिला जागा मिळाली. बाकी सगळी विकतची, भारी कुत्री. गावठी ही एकटीच.

मग मी रोज मैदानावरूनच घरी जायला लागले. कंपनीतलं निळं पिंप दोन्हीकडून कापून त्यानं बोगदा केला होता. बिबडी त्यात शिरायला घाबरली, तेव्हा हा आधी स्वतः शिरला आणि खांद्यापाशी अडकला. मी हसून हसून खाली बसले. बाहेर आला तो केसांत माती घेऊन, पण चिडला नाही. चुकली की तिला कधी ओढायचा नाही. "मीच घाई केली," म्हणायचा. वर्गात साठ पोरांवर खेकसून आलेल्या बाईला हे ऐकताना जरा लाजच वाटायची. आणि लाजेबरोबर दुसरंही काहीतरी, ज्याचं नाव मी घेत नव्हते.

आई मात्र घेत होती. "शिबिर कुत्रीचं आहे ना गं? मग पावडर तू का लावतेस?"

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस तो बांबू उपटताना दिसला.

"रजा नाही मिळाली," तो म्हणाला. "नवी मशीन आलीये. सुपरवायझर म्हणे, अभी नहीं. जागा परत करून टाकतो."

आवाजात तक्रार नव्हती, पण बांबू उपटणारे हात फार सावकाश चालले होते. बिबडी त्या रिकाम्या खड्ड्यांमधूनही नागमोडी धावत होती. मला ते बघवेना.

"मी नेते तिला," मी म्हणून गेले. माझी जीभ नेहमी माझ्यापुढं धावते. "शाळेला सुट्टी आहे. नाशिकला मावशी आहे. नेते."

"पण ती... तुमचं ऐकेल?"

"साठ पोरं ऐकतात."

कसलं काय. बांबू पुन्हा रोवून झाले आणि पहिल्या दिवशी वाल्मिकनं मला त्याच्या अहिराणीत हाक शिकवली. आठे ये, म्हणजे इकडे ये. मी कंबरेवर हात ठेवून म्हटलं, "आठे ये!" बिबडीनं जांभई दिली.

"मॅडम, पाढे नका म्हणू," वाल्मिक म्हणाला. "बोलवा."

"कसं बोलवायचं?"

"कुणी यावं असं वाटतं ना... तसं."

दिवाळीत त्याच्या खोलीतले सगळे गावाला गेले. हा राहिला. मी चकल्या घेऊन मैदानावर गेले तेव्हा एकटाच बांबूंना चुन्याचे पट्टे ओढत होता. मला लांबून दिसावेत म्हणून. घरी आल्यावर आईला म्हटलं, असा माणूस मी पाहिला नाही. आई म्हणाली, "कुत्री बरी आहे ना?"

कुत्री बरीच होती. हाक ऐकायची, बोगद्यातून जायची, उड्या मारायची. पण शेवटच्या खांबातून बाहेर पडली, की मला सोडून थेट वाल्मिककडे. प्रत्येक वेळी. आणि शिबिरात तर हाताळणाऱ्याला सोडून गेलेलं कुत्रं बादच करणार होते.

निघायच्या आदल्या संध्याकाळीही तेच झालं. हवेत गारवा आला होता. वाल्मिक पाण्याच्या टाकीमागं जाऊन लपला. बिबडी थेट टाकीमागं गेली. झाडामागं लपला, झाडामागं गेली. मी वैतागून मातीतच बसले.

"राहू दे. तिला तुम्हीच हवे. मी कितीही धावले तरी—"

"मॅडम," तो टाळूवर हात फिरवत म्हणाला. "ती मला शोधत नाही. मी झाडामागून बघू राहिलो होतो. शेवटच्या खांबातून निघाली, की ती आधी तुमच्या तोंडाकडे बघते. मग... तुम्ही बघता तिकडे पळते."

"मी कुठं बघते?"

त्यानं बोट वर केलं, स्वतःकडे वळवलं आणि पटकन खाली घेतलं. त्याचे कान लाल झाले होते. माझे किती झाले असतील, देव जाणे.

"वर्गात शेवटच्या बाकावर नजर ठेवायची सवय आहे मला," मी म्हटलं.

"मी शेवटचा बाक आहे का?"

"आहात. सगळ्यात उंच."

तो हसला, मग बांबूंकडे वळला. "एकदा माझ्याकडे न बघता धावा."

"नाही जमलं तर?"

"तर बिबडी हरेल."

"आणि जमलं तर?"

तो बांबूची एक शीर नखानं सोलत राहिला. "तर मी. मले वाटायचं, तिला माझी माया आहे म्हणून वळते. आता कळलं, तुम्ही वळता म्हणून वळते. तेही बंद झालं, तर शिफ्ट सुटल्यावर मी कशाच्या आशेवर धावत येऊ?"

मी उठले, ड्रेसची माती झटकली आणि बिबडीला घेऊन उभी राहिले.

धावले. उडी, बोगदा, मग बांबू. नागीण, नागीण... शेवटचा पट्टा मागं पडला. डावीकडे तो उभा आहे, हे मला न बघताही कळत होतं. इतकं कळत होतं, की मान दुखली. पण मी समोरच्या पिंपळावर डोळे रोवले आणि धावत राहिले. पायाशी काहीतरी उबदार घासलं. बिबडी माझ्याबरोबर होती. मी थांबले तशी तीही थांबली आणि जीभ बाहेर काढून माझ्या चपलेवर बसली.

"झालं," वाल्मिक लांबून म्हणाला. "आता ती तुमचं ऐकते. उद्या बिनधास्त जा."

मी पिंपळाकडेच बघत होते.

"वाल्मिक, रविवारी सुट्टी असते ना तुला?"

तुला म्हटलेलं त्यानं ऐकलं. "असते."

"मग नाशिकला ये. कुंपणाबाहेर उभा राहा. धावताना मी बघणार नाही. पण धाव संपली, की पहिलं तुझ्याकडेच बघणार."

"आणि... आज?"

"आजची धाव संपलीये," मी म्हटलं. आणि मान वळवून त्याच्याकडे बघितलं. चोरून नाही, चांगलं डोळे भरून.

बिबडीनं एकदा माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि सुसाट निघाली. तो गुडघ्यांवर बसला, तिला कवेत घेतलं, पण नजर माझ्यावरून काढली नाही. अर्ध्या मिनिटानं बिबडीनं त्याच्या हातांतून मान बाहेर काढली आणि मागं वळून बघितलं, मी अजून कशी आले नाही म्हणून.

मग मीही गेले.