गोमाच्या टाकीचा पत्रा

भुताखेतांवर विश्वास नसेल तर ठेवू नका. माझी कुणावर जबरदस्ती नाही. पण वाचून झाल्यावर माझ्या मामाला खोटारडा म्हणायचं नाही, एवढं आधीच सांगून ठेवते. रामनाथमामा आयुष्यात एकदाच खोटं बोललाय, तेही लग्नाआधी, मामीच्या वडिलांना वय सांगताना.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. स्मशान नाही, पिंपळ नाही, अमावस्या नाही. १९८७ साल, दिवाळीच्या आधीचे दिवस, भर दुपार आणि सातपाटीसमोरचा समुद्र.

मामाचं बोईसरला एमआयडीसीत वेल्डिंगचं वर्कशॉप होतं. एक दिवस सातपाटीचा महादू तांडेल आला. बोट त्याची स्वतःची, आणि तोंडही स्वतःचंच, कोणाच्या बापाचं न ऐकणारं. त्याने भंगारातल्या डंपरचं डिझेल इंजिन बोटीत बसवलं होतं, वर भलामोठा टर्बो. टर्बो म्हणजे हवा दाबून इंजिनात कोंबणारा पंखा. ती दाबलेली हवा सगळ्या सिलिंडरना वाटून देते ती पेटी म्हणजे मॅनिफोल्ड. मूळची बिडाची पेटी एवढ्या दाबाला तडकून गेली होती.

"रामनाथ, तू जाड पत्र्याची बनव. पयली बोट बंदरात लागते ना, तिच्याच मावऱ्याला भाव येतो."

"आणि फुटली तर?"

"फुटली तर तू बोटीवरच असशील. काम करनाऱ्यानं पयल्या फेरीला यायचं, ही आमची रीत हाय."

मामा हसला. हो म्हणाला. तिथेच फसला म्हणा.

जाड स्टेनलेसचा पत्रा भंगारवाल्याकडे मिळाला. एका केमिकल कारखान्याची जुनी टाकी कापून विकली होती, तिचा तुकडा. मामाने तो उचलला आणि मागून बाईचा आवाज आला.

"दादा, तो पत्रा नको नेव."

ती ठकी. मनोरकडच्या पाड्यावरची, भंगारात ओझी वाहायची. तिचा नवरा गोमा त्याच टाकीत गेला होता. आत साफसफाई करत होता, बाहेरच्यांना वाटलं वर आला. झाकण लावून टाकलं. सकाळी उघडलं.

"माजा गोमा हाय त्यात," ठकी म्हणाली.

मामाला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण एवढा सरळ, न गंजलेला पत्रा दुसरा नव्हता. त्याने तिची समजूत घातली आणि पत्रा घेऊन आला.

आता एक गोष्ट समजून घ्या. तारापूरला टाक्यांची कामं करणाऱ्यांची एक रीत आहे. टाकी कायमची बंद करायच्या आधी हातोडीने ठोकायचं, आत तोंड घालून हाक मारायची, उत्तराची वाट बघायची. मगच झाकण. मामाने ही रीत कधी चुकवली नव्हती.

पण ही टाकी कुठे होती? मांजर मावणार नाही एवढी पेटी, तिच्यात कोणाला हाक मारायची?

त्याने हाक न मारताच शेवटची शिवण वेल्ड केली.

थोड्या वेळाने पेटीतून आवाज आला.

टक... टक...

लोखंड निवताना वाजतंच. मामाने लक्ष दिलं नाही. पुढे पेटी हाताला गार लागायला लागली.

टक... टक... चालूच.

मामाने मान झटकली आणि पेटी सातपाटीला नेऊन इंजिनाला बसवली.

फेरीच्या दिवशी समुद्र जरा खवळलेला होता. मामा खाली इंजिनाच्या खणात. खण म्हणजे लाकडी खोकंच, उभं राहिलं तर डोकं आपटतं. टर्बोच्या तोंडाला अजून जाळी-फिल्टर काही नव्हतं. तळहाताएवढं उघडं तोंड, आणि ते सूं सूं करून हवा ओढत होतं. पेटी मात्र झकास. कुठे फुसकारा नाही, थरथर नाही. मामा मनात म्हणाला, वा रे पठ्ठ्या!

वरून पाणी आत उडायला लागलं.

"झाकन टाकतो रं! इंजिन भिजंल!" महादू ओरडला.

खणाचं झाकण बसलं. त्याला महादूने कडेने नवीन रबर लावलेलं, थेंब आत येऊ नये म्हणून. हवेच्या झरोक्यांवर खलाशांनी ओली जाळी रचून ठेवलेली. हे मामाला मागाहून कळलं.

मग इंजिनाचा आवाज चढला.

मामाने हात लावला नव्हता. कोणीच लावला नव्हता.

आवाज आणखी चढला...

मामाने डिझेल बंद करायचा दांडा ओढला. इंजिन थांबलं नाही. टर्बोचं ऑइल अडवणारं सील गेलं होतं. डिझेल इंजिन एकदा स्वतःचंच ऑइल प्यायला लागलं की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. फुटेपर्यंत पळतं. त्यावर उपाय एकच. हवेचं तोंड दाबून बंद करायचं.

आधी बाहेर निघू, मग बघू, असं म्हणून त्याने झाकणाला खांदा लावला.

झाकण हललं नाही.

वरून महादू आणि खलाशी ओढत होते. खालून मामा रेटत होता. पण इंजिन खणातली सगळी हवा ओढत होतं, आणि झाकण आतल्या बाजूला असं चिकटलं होतं की आई गं! कानांना दडे बसले. छाती भात्यासारखी चालायला लागली, पण आत काही येईना.

त्या कोंडवाड्यात हवा एकाचीच होती. इंजिनाची नाहीतर मामाची.

खाली एक फळकूट पडलं होतं. मामाने ते उचललं आणि टर्बोच्या तोंडाकडे सरकला.

आणि तेव्हा...

टक... टक... टक...

मामा शपथेवर सांगतो, इंजिनाच्या धडधडाटात त्याला स्वतःचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. पण हे येत होतं. पेटीच्या आतून. कोणीतरी बोटाच्या पेराने ठोकावं तसं.

मग टर्बोच्या तोंडातून आवाज आला. जवळून. अगदी कानाशी.

"दादा... झाकन नको लावू... मी आत हाय..."

मामाचे हात तिथेच थिजले.

त्याला सगळं कळलं. कोण आहे ते कळलं, काय मागतोय ते कळलं. त्याला रडू फुटलं. पण डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. हंसामामीला तेव्हा सातवा लागला होता.

"माफ कर रे बाबा," मामा म्हणाला.

आणि त्याने फळकूट त्या तोंडावर दाबलं. अंगाचा सगळा भार टाकून.

आतून फळकुटावर धडका बसल्या. इंजिनाच्या नव्हेत. इंजिन ठसकत होतं, मरत होतं. या धडका वेगळ्या होत्या. आधी जोरात... मग हळू... मग नुसतं खरवडणं...

मग काहीच नाही.

इंजिन बंद पडलं. जाळी ओढून कोणीतरी झरोके मोकळे केले, झाकण सुटलं, महादूने मामाला बखोटीला धरून वर काढलं. मामा फळीवर आडवा पडून नुसता हवा पीत होता. महादू मात्र खणात डोकावून बघत होता. चेहरा पांढरा फटक.

"रामनाथ, दुसरा कोन हाय खाली?"

"कोणी नाही."

"नाय कसा? दोगं ओरडत होते. आमी सगळ्यांनी आयकलं."



दुसऱ्या बोटीने ओढत बंदराला आणलं. मामाने पेटी इंजिनावरून सोडवली तेव्हा महादू म्हणाला, ही अवदसा समुद्रात फेकून दे. मामाने पेटी उराशी धरली. समुद्राच्या तळाला? अजून कोंडायचं त्याला? पेटी घेऊन तो थेट ठकीच्या पाड्यावर गेला. तिच्यापुढे बसून सगळं सांगितलं, फळकुटासकट. ठकीने त्याला एक शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, असं मामा अजून म्हणतो.

तिने पेटीवर हात ठेवला.

"गोमा. ये भायेर. मी हाय."

मामाने शिवणीवर करवत धरली. पेटी दोन्हीकडून करकरत कापत आणली. शेवटचा तुकडा कट्कन तुटला...

आणि पेटीने श्वास घेतला.

लांब, खोल. बुडता माणूस वर आल्यावर घेतो तसा. ठकीच्या कपाळावरचे केस पेटीकडे ओढले गेले.

आता तुम्ही म्हणाल, आत पोकळी झाली असेल. अहो, पेटीची सगळी भोकं उघडी होती. बोटीवरून काढल्यापासून उघडीच होती. कसली पोकळी?

दोघं थांबले. घेतलेला श्वास माणूस सोडतो ना?

तो सुटला नाही.

"सोड रं आता," ठकी म्हणत राहिली. "सोड."

खूप वर्षांनी मामा मला तिच्याकडे घेऊन गेला. ठकी पार म्हातारी झाली होती. पेटीचे दोन तुकडे अंगणात, सावलीत ठेवलेले. आसपास कोंबड्या चरत होत्या, पण त्या बाजूला एकही फिरकत नव्हती. मी शहाणपणा करून खाली वाकले, कान लावला.

काही ऐकू आलं नाही. खोटं कशाला सांगू? पण हलताही येईना. आता सुटेल, आता सुटेल असं वाटत होतं, आणि मी तशीच वाकून राहिले. किती वेळ, देव जाणे.

पाठीवर थाप बसली. ठकी होती.

"तू तरी सोड, पोरी."