मोजणीच्या फेऱ्या

"ओ, जरा सरकता का? नाहीतर मी तुमच्या पिशवीवरच बसतो हं."

दर्शनाने मान वर केली. मिनीडोर रिक्षाच्या दारात एक उंच पोरगा अर्धा आत, अर्धा बाहेर लटकत होता. कपाळावर कंपनीच्या टोपीचा वळ, डोळ्यांत हसू… सहाजणांच्या गाडीत दहावा माणूस बसायचा म्हणजे सरकून सरकणार कुठे? तरी ती सरकली.

बिरवाडी ते महाड. संध्याकाळी त्याची सुट्टी व्हायची आणि तो गाडीत चढला की ही आधीच बसलेली असायची.

आता ही पोरगी करत काय होती, तर गाड्यांची परीक्षा घेत होती. मुंबईच्या एका संस्थेला कुठल्या शहराची वाहतूक किती हुशार, ते ताडून पाहायचं होतं. मोठी शहरं झाली, मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, महाडसारखी लहानही घेऊ. गाडीची वेळ कळते का, मोबाइलवरून भाडं घेतात का, गाडी मध्येच का थांबते, सगळ्याला गुण. पुण्याच्या शेजारी बसवलं की महाड बिचारं नापासच! आणि हे कुणाला सांगायचं नाही, अशी सक्त ताकीद. शाळेत साहेब आले की मास्तर कसे गोड बोलतात, तसं व्हायला नको म्हणून.

त्यामुळे दर्शना दिवसभर प्रवास करायची आणि कुठेच पोचायची नाही. कापडे गावातल्या घराला कुलूप, आईवडील आणि भाऊ नालासोपाऱ्याला. बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत एका मुठीचा भात लावायचा आणि भिंतीकडे बघत जेवायचं. कधी कधी झोपताना तिच्या लक्षात यायचं, आज आपण कुणाशी बोललोच नाही. फार एकटं वाटायचं तिला.

हा मात्र बोलायचा. स्वराज त्याचं नाव. आईबाप हिरकणीवाडीला, रायगडावर येणाऱ्यांना पिठलं-भाकरी करून वाढतात. हा कंपनीच्या प्रयोगशाळेत, राहायला महाडात.

एकदा गाडी मध्येच थांबली. चालक हैबतीकाका उतरून एका अंगणात शिरले. दर्शना फोनवरच्या यादीत कारण शोधू लागली. सिग्नल… कोंडी… बिघाड…

"काय शोधताय?"

"गाडी का थांबली ते."

"ते फोनला विचारताय? मला विचारा की. सुंदराबाईंच्या बीपीच्या गोळ्या द्यायच्यात." मग तो हळूच म्हणाला, "मला तर बरंच वाटतं थांबली की."

"का?"

"महाड उशिरा येतं…"

तिने तोंड बाहेर वळवलं. कापणीला आलेल्या भाताचा वास येत होता आणि तिचे कान गरम झाले होते.

दिवाळीच्या आधी संस्थेचा निरोप आला. महाड पुरे, उद्या सांगलीला निघा. त्याच संध्याकाळी, महाडच्या स्टँडवर सगळे उतरले, हैबतीकाका चहाला गेले, तरी स्वराज बसूनच राहिला.

"काल डबा विसरलो म्हणून मागे आलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही उतरलाच नाहीत. तशाच परत गेलात."

तिने फोन पिशवीत टाकला.

"ना बाजार, ना काम. मग रोज येता कशाला?" त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "माझ्यासाठी…?"

हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच गोड झाली असती. पण उद्या जायचं आणि आज खोटं ठेवून जायचं, हे तिच्या मनाला पटेना. ताकीद गेली चुलीत. तिने सगळं सांगून टाकलं. संस्था, गुण, फोन आणि सांगली.

त्याचा चेहरा पडला.

"म्हणजे मोजायला येत होता… आणि मी येड्यासारखा आयेला सांगून बसलो. म्हटलं, एक पोरगी हाय, माझ्यापायी गाडीत बसते." तो कसनुसा हसला आणि उठला. "चुकलं माझं. सुखाने जा."

त्याचा एक पाय खाली टेकलासुद्धा. आता नाही बोललं तर जन्मभर नाही, हे दर्शनाला कळलं. जी गोष्ट तिने स्वतःलाही कबूल केली नव्हती, ती तोंडातून निघाली.

"बिरवाडीच्या रस्त्याची मोजणी दसऱ्याआधीच संपली."

तो थांबला.

"मग मी पोलादपूरच्या गाड्या मोजत होते. दिवसा. संध्याकाळी नुसती… तुझ्याबरोबर येत होते."

हैबतीकाका चहा पिऊन आले. "काय रे, उतरतोस का नाय?"

"नाय काका. बिरवाडीला येतो."

"आताच आलास ना तिथनं?"

"परत जातो," म्हणत तो तिच्या शेजारी येऊन बसला. गाडी रिकामी होती, तरी अगदी चिकटून. काकांनी पुढे बघत गाडी काढली.

महाड मागे पडलं. मग त्याने विचारलं, "परत कधी येशील?"

कित्येक महिन्यांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं.

"शनिवारी," ती म्हणाली, आणि तिला रडूच कोसळलं.