मागची

सुकन्याला वाटलं होतं, बाया नॉर्वेचे ते बर्फाळ डोंगर बघून आधी गप्प होतील, मग हसतील, एखादी रडेल. नॉर्वेत मानसशास्त्र शिकताना तिनं हे कितीदा तरी पाहिलं होतं. डोळ्यांवर आभासी दुनियेचं यंत्र चढवायचं आणि काहीतरी अफाट दाखवायचं. त्या अफाटापुढं माणसाला आपलं दुःख लहान वाटू लागतं, छाती मोकळी होते. तेच करायला ती परळीजवळच्या आपल्या वाडीत परत आली होती. पण बायांनी डोंगराकडं बघितलंच नाही. स्टुलावर बसल्या बसल्या प्रत्येकीनं आधी मान वळवून मागं बघितलं.

"समोर बघा ना," सुकन्या म्हणाली.

"मेंढरं राखणारी माणसं आमी," छबुबाई यंत्र चाचपत म्हणाली. "आमी पुढं चालतो, कळप मागं असतोय. मग मागं न्हाई बघायचं तर काय आभाळात बघायचं? आन ही झापड कुठल्या घाण्याच्या बैलाची सोडून आणलीस गं?"

सगळ्या हसल्या. हसणं विरल्यावर छबुबाई म्हणाली, "लई राख हाय बाई इथं."

"राख नाही, मावशी. बर्फ आहे."

"परळीच्या वीज कारखान्याची राख रोज बघतो की आमी. दारावरून ट्रक जातेत. राखच हाय ही." मग अगदी हळू, "...आन मागं कोण उभं हाय?"

मागं कुणी नव्हतं. ते चित्रण सुकन्यानं स्वतः केलं होतं, आसपास मैलभर माणूस नव्हतं. तरी बाया गेल्यावर तिनं यंत्र लावून मागं बघितलं. नुसता बर्फ. मग ते ठेवण्यापूर्वी काचा पुसल्या, तर कापडाला करडी, मऊ पूड लागली.

छबुबाई रोज दुपारी येऊ लागली. तिची लेक बबिता दोन वर्षांपूर्वी मेंढरं घेऊन विजयसिंहांच्या पडीक रानात गेली होती. संध्याकाळी मेंढरं आपली आपण घरी आली, एकही कमी नव्हतं. बबिता आली नाही. विजयसिंह मोठे जमीनदार आणि पुढारी. पोरगी कुणाचा तरी हात धरून गेली, असं त्यांनीच पारावर सांगितलं आणि गावानं ते मान्य केलं. सुकन्याला तिच्या उपचार केंद्रासाठी ही पत्र्याची खोली दिली होती तीही त्यांनीच.

"आज मागं पोरगी निम्म्या वाटंवर आली," तिसऱ्या दिवशी छबुबाई म्हणाली. "तोंडावर राख हाय. बोलत न्हाई."

सुकन्यानं वहीत लिहिलं, 'न सरलेला शोक'.

चौथ्या दिवशी छबुबाईनं यंत्र काढलं, मांडीवर ठेवलं. "आज हात लांबवला असता तर लागली असती. पण तिला मी नको हाय. दुसरंच कुणीतरी हुडकती."

शुक्रवारी विजयसिंह फोटो काढून घ्यायला आले. भर दुपार होती. पत्रा तापून तडतडत होता. छबुबाई कोपऱ्यात पाय पोटाशी घेऊन बसली होती. ते तिच्याकडं न बघताच स्टुलावर टेकले.

"लाव बाई. आमाला बी मिळू दे शांती. निवडणूक आलीय."

सुकन्यानं दहा मिनिटांची वेळ लावली. विजयसिंह समोर बघत राहिले. मागं बघायची त्यांना सवय नव्हती. "वा," ते म्हणाले, "गार वाटायलंय."

तेव्हा छबुबाई बोलली. रानात पुढं चालणारी आई कळपामागच्या लेकीला विचारते, त्याच लांबवलेल्या सुरात.

"आल्या का गं समद्या...?"

विजयसिंहांची मान वळली. बंद खोलीत कुठूनतरी ओल्या लोकरीचा वास आला. पत्र्याची तडतड थांबली.

"तू..." त्यांचा आवाज बसला होता. "बुजवलीय की... चार ट्रक राख टाकलीय वर... तू कशी आलीस?"

"कुठून आली, साहेब?" छबुबाईनं विचारलं.

"हिरीतनं... पडक्या हिरीतनं..."

मग त्यांनी यंत्र ओढून काढलं. कपाळावरचा घाम करडा झाला होता. दोघींकडं त्यांनी आळीपाळीनं बघितलं.

"काय बोललो मी?"

सुकन्यानं यंत्र त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"उन्हानं चक्कर आली." ते उठले, दारात थांबले. "सुकन्या, तुझे वडील इथंच राहतेत न्हाई का अजून? जपा त्यांला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकन्या खोली उघडायला गेली तेव्हा विजयसिंह पायरीवर बसले होते. अनवाणी, डोळे ताठ उघडे. छबुबाई समोर लिंबाखाली उभी होती.

"यंत्र लाव," ते म्हणाले. "उघड्या डोळ्यानं ती समोरच येती. त्यात समोर बघितलं तर निदान मागं तरी राहती. दहा मिनिटं, पोरी... छाती मोकळी होती म्हणलीस ना तू..."

रात्रभर सुकन्याला वडिलांची काळजी वाटत राहिली होती. त्यांना सगळं सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, छबूची पोर आपल्याच अंगणात खेळायची. तिनं खोली उघडली. यंत्र पेटीत घातलं, कुलूप लावलं आणि किल्ली छबुबाईच्या हातात दिली.

"हे दुखावलेल्या माणसांसाठी आहे, साहेब," ती म्हणाली.

मग त्यांच्यादेखत तिनं बीडला पोलिसांना फोन केला. पडकी विहीर, वर चार ट्रक राख, उकरायला मशीन घेऊन या, सांगणारा माणूस इथंच आहे. फोन ठेवून ती म्हणाली, "उठा. जागा दाखवा."

विजयसिंह उठले. डोळ्यांसमोर आडवा हात धरून चालू लागले. त्यांच्यामागं छबुबाई निघाली. सगळ्यांत शेवटी सुकन्या. तिच्या मागं मोकळी पायवाट होती.

रानाच्या वळणावर छबुबाईनं मागं न बघता विचारलं, "आल्या का गं समद्या?"

सुकन्या 'हो' म्हणणार होती. त्याआधीच तिच्या पाठीमागून कुणीतरी हळू म्हणालं, "आल्या..."